चंद्रिकाच्या गाडीतला भज्यांचा वास

चंद्रिकाच्या गाडीला आजार जडला तो नवरात्रात, आणि आजार असा, की गाडी घरी धडधाकट असायची आणि कामावर निघाली की आजारी पडायची. असे आजार मुलांना होतात. शनिवारी-रविवारी मूल झाडावर चढतं आणि सोमवारी त्याच्या पोटात कळ येते. पण सात सीटच्या गाडीला कामाचा कंटाळा आलेला आमच्या तलासरीत त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

गाडी जुनीच. वापीच्या एका शेठने मनसोक्त वापरून विकलेली. बोनेटचं कुलूप तुटलेलं होतं, म्हणून ते नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवावं लागे. चंद्रिकाचा नवरा दीपक तारापूरच्या कंपनीत पाळीवर जाणारा, आणि स्टिअरिंगला हात लावला की त्याच्या पायाला कंप सुटे. चंद्रिकाला कसलाच कंप सुटत नसे. तिने दोन वर्षं तलासरी ते उधवा अशी सीटच्या भाड्यावर माणसं नेली. कोंबड्या नेल्या, तांदळाची पोती नेली, एकदा लग्नातल्या बँजोचे भोंगेसुद्धा नेले. आणि यंदा तिला शाळेचं काम चालून आलं.

डोंगराकडच्या एका शाळेतल्या चार शिक्षिका डहाणू स्टेशनवर जमायच्या. त्यांना चारोटीवरून हायवेने तलासरीच्या पलीकडे शाळेत सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. महिन्याचं बांधलेलं काम. स्टँडवर घसा फोडायला नको आणि अर्धी गाडी रिकामी न्यायला नको. चौघींच्या पुढारी होत्या चिंचणीच्या सावे मॅडम. त्यांनी अट एकच घातली.

"एसी चालला पाहिजे. हायवेची धूळ खाऊन मी वर्गात उभी राहणार नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. गाडी नीट चालली तर वर्षभर तुम्हीच. नाहीतर रूपेश आहेच."

रूपेश म्हणजे डहाणू स्टँडवरचा नव्या गाडीवाला. त्याचा एसी असा, की आत बसलेली माणसं ऑक्टोबरात शाल मागत. चंद्रिकाने तोंड भरून हो म्हटलं आणि मनात ठरवलं, की हे काम काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही.

पहिले काही दिवस गाडी सकाळी सुरू करताना किंचाळायची, एवढंच. दवात उभी राहिलेली जुनी गाडी, फॅन बेल्ट कडक झालेला, ती किंचाळणारच. पाड्यावरची कुत्री उठत. चंद्रिकाची सासू जिजा चुलीपुढून म्हणायची, "रडते गो ती, रोज रडते," आणि चंद्रिका म्हणायची, "रडू दे, चालते ना." मग एके दिवशी गाडी आपोआप गप्प झाली. अंगणात चावी फिरवली तर आवाज म्हणून नाही. चंद्रिका खूश होऊन निघाली.

डहाणूला चौघी बसल्या, एसी लावला, आणि आशागडच्या पुढे चढ लागताच बोनेटखालून असा आवाज आला, की सावे मॅडमनी पर्स छातीशी धरली. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. एसीतून गार वारा यायचा तो आधी कोमट झाला, मग गरम. आणि त्या गरम वाऱ्याबरोबर एक वास आला.

"कुणी भजी आणलीत?" मागच्या सीटवरून एका शिक्षिकेने विचारलं.

कुणीच आणली नव्हती. पण वास भज्यांचाच होता. कढईत तेल चांगलं तापावं आणि पहिला घाणा आत पडावा, तसा. चारोटी येईपर्यंत चौघींच्या तोंडाला पाणी सुटलं आणि अंगाला घाम. त्या दिवशी शाळेत पोचताच चौघींनी डबे उघडले, आणि मधल्या सुट्टीत खायला काही उरलं नाही.

संध्याकाळी चंद्रिका चारोटीला तुषारच्या गॅरेजात शिरली. तुषार हा हुशार मेकॅनिक. त्याचा एकच दोष, त्याला स्वतःच्या हुशारीबद्दल शंका येत नसे. त्याने बोनेटची दोरी सोडली, इंजिन सुरू केलं, एसी लावला, कान टेकवला.

"वहिनी, सोपं आहे. इंजिन फिरतं तेव्हा हा एक पट्टा सगळ्यांना फिरवतो. अल्टरनेटर फिरला तर बॅटरी भरते. कॉम्प्रेसर फिरला तर एसी गार होतो. पट्टा घसरला की दोघं उपाशी. एसी लावल्यावर ओझं वाढतं, म्हणून तेव्हाच ओरडतो. बेल्ट गेला तुमचा."

"आणि भज्यांचा वास?"

"रबर जळतं."

"रबराचा वास खाऊ वाटतो का कुणाला?"

तुषार पाना घेऊन आत वाकला. त्याने नवा बेल्ट घातला, मीटर लावून बॅटरीचं चार्जिंग दाखवलं, एसी गार करून दाखवला. चंद्रिका थंडगार घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात मुकाट सुरू झाली आणि आशागडच्या पुढे पुन्हा तेच. किंकाळी, लाल दिवा, गरम वारा, भजी.

दुसऱ्या खेपेला तुषार म्हणाला, अल्टरनेटरचं बेअरिंग जड फिरत असणार. त्याने अल्टरनेटर काढला, उघडला, बेअरिंग बदललं, पुली हाताने गरगर फिरवून दाखवली आणि बेल्ट पुसून परत चढवला. एक संध्याकाळ गाडी राणीसारखी चालली. सकाळी पुन्हा भजी. तिसऱ्या खेपेला त्याचा संशय एसीच्या कॉम्प्रेसरवर गेला. त्याने तो न्याहाळला, गॅस तपासला, ठोकला, कुरवाळला. कॉम्प्रेसर निर्दोष सुटला. तेवढ्यात त्याच्या हाताला बेल्टवरचं ओशट तेल लागलं, आणि तो आनंदाने म्हणाला, "हे बघा. इंजिनचं सील गळतंय. तेल उडतं ते बेल्टवर." सील बदललं. नवा बेल्टही चढला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा कारभार चालला होता.

इकडे गाडीत गरमी वाढत होती ती फक्त हवेची नाही. सावे मॅडम आता बसतानाच पदराने वारा घेऊ लागल्या. एक शिक्षिका तर वासामुळे खरोखर वड्यांचा पुडा घेऊन यायला लागली, म्हणाली नुसत्या वासावर राहवत नाही. चंद्रिका आरशात त्यांचे चेहरे बघे आणि तिचा जीव थोडा थोडा होई. दिवाळी जवळ आली होती. डोंगरउतारावर खुरासणीची पिवळी फुलं फुलली होती, आणि तिच्या हातचं काम निसटत होतं.

शेवटी गाडीने भर हायवेवर मान टाकली. बॅटरी पार उतरली, इंजिन बंद पडलं, आणि चौघी जणी उन्हात ट्रकांच्या धुरात उभ्या राहिल्या. सावे मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चंद्रिका, तुम्ही चांगल्या आहात. पण गाडीची काळजी घेत नाही तुम्ही. उद्यापासून रूपेशला सांगते."

काळजी घेत नाही, हे चंद्रिकाला झोंबलं. काम गेलं त्याहून ते जास्त लागलं. गाडी टोचन लावून चारोटीला ओढत नेली, तेव्हा ती तुषारला एक शब्द बोलली नाही, आणि त्यामुळे तुषार पहिल्यांदा घाबरला.

त्याने गाडी ठेवून घेतली. सगळे पट्टे, पुल्या धुतल्या, बॅटरी भरली, आणि दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एसी पूर्ण लावून चारोटीपासून महालक्ष्मीच्या देवळापर्यंत फेऱ्या मारल्या. एक हूं की चूं नाही. लाल दिवा नाही. देवळापाशी चांगली भजी मिळतात, पण गाडीत वास नाही. मग तुषारने ते केलं जे त्याने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आधी काढून टाकलेला जुना बेल्ट भंगारातून उचलला, बोट फिरवलं, हुंगलं, आणि जिभेला लावलं.

"वहिनी," तो फोनवर म्हणाला, आवाज एकदम खाली, "हे इंजिनचं तेल नाही. हे खायचं तेल आहे. गाडी माझ्याकडे बरी असते आणि तुमच्याकडे आजारी. रोग गाडीत नाही. कुणीतरी रोज तेल लावतं."

कुणीतरी म्हटल्यावर चंद्रिकाच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहिला. चारोटीहून गाडी घेऊन ती तडक डहाणू स्टँडवर गेली. तो बेल्ट तिच्या हातात होता. रूपेश गाडीला टेकून वडापाव खात होता, आणि त्याची बोटं तेलाने चकाकत होती. पुरावा इतका समोर आलेला बघून चंद्रिकालाही क्षणभर दचकल्यासारखं झालं.

"हात दाखव," ती म्हणाली.

"वहिनी, काय झालं?"

"हात."

रूपेशने हात पुढे केला. सगळ्या स्टँडसमोर चंद्रिकाने त्याची बोटं हुंगली. मग बेल्ट हुंगला. मग पुन्हा बोटं. रिक्षावाले ओळीने उभे राहून बघत होते आणि कुणाला काही विचारायचं धाडस होत नव्हतं.

वास वेगळा होता. रूपेशच्या बोटांना हॉटेलच्या कढईतलं, दहा वेळा तापलेलं तेल होतं. बेल्टला होतं ते ताजं, घाण्यावरचं, किंचित कडवट. हा वास तिने लग्न होऊन आल्यापासून रोज जेवणात घेतला होता. खुरासणीचं तेल. डहाणू स्टँडवर ते कुणाकडे नसतं. त्यांच्या पाड्यावर घरोघरी असतं, आणि तिच्या घरात चुलीमागच्या बाटलीत.

"झालं का माझं?" रूपेशने विचारलं. "पाव गार होतोय."

चंद्रिकाने मान हलवली. काखेत कळसा होता आणि तिने गावाला वळसा घातला होता.

दुसऱ्या दिवशी ती दिशा उजळायच्या आत उठली आणि दाराआड उभी राहिली. थोड्या वेळाने जिजा अंगणात आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात कोंबडीचं पीस. तिने बोनेटची दोरी सोडली, टोपण डोक्याने पेलून धरलं, पीस वाटीत बुडवलं आणि बेल्टवरून असं हळुवार फिरवलं, जसं लहान मुलाच्या टाळूला तेल लावतात. विहिरीची कप्पी वाजली, पाळण्याची कडी वाजली, बिजागरी कुरकुरली, की जिजाकडे औषध एकच होतं. ते ती स्वतःच्या गुडघ्यालाही लावायची.

"आई, काय करता?"

"तेल देते," जिजा मागे न बघता म्हणाली. "काल बरी होऊन आली ना ती. परत रडाया नको. तू कामावर जाताना रडत जाते, ता बरं नाय दिसत. तेल दिलं का गप होते बघ. तूच बघ, घरनं निघताना आता एक आवाज नाय करत."

आणि ते खरंच होतं. ताजं तेल लागलं की एसीचं ओझं पडेपर्यंत पट्टा गुपचूप घसरायचा. जिजाला अंगणातली शांतता ऐकू यायची. आशागडचा चढ तिच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

चंद्रिकाचा आवाज चढला. "बेल्ट कोरडाच लागतो, आई. तेलानं तो घसरतो. घसरला की बॅटरी भरत नाही, एसी फिरत नाही, गाडी रस्त्यात मरते. रोजच्या रोज मी त्या चारोटीला खेटे घातले. रूपेशचे हात हुंगले मी, सगळ्यांसमोर. गाडीत भज्यांचा वास, मॅडम म्हणतात मी काळजी घेत नाही, आणि तुमच्या तेलानं माझं काम गेलं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

 जिजाने पीस वाटीत ठेवलं, बोनेट खाली केलं, दोरी होती तशी बांधली, गाठ ओढून बघितली आणि घरात गेली. दिवसभर ती बोलली नाही. चंद्रिकाही बोलली नाही. तिला राग आलेला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी असलं की माणूस भांडी जोरात घासतो. तिने भांडी फार जोरात घासली. बेल्टही डिटर्जंटने धुतला. गाडी एकदम छान झाली, आणि तिला जायला कुठे नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी जिजा घरात नव्हती. चंद्रिकाला वाटलं शेतावर गेली असेल, भात कापणीला आलं होतं. दुपार झाली तरी नाही. मग वाटलं रुसून लेकीकडे गेली. संध्याकाळी पाड्याच्या फाट्यावर एक नवी गाडी थांबली, तिच्यातून जिजा उतरली, आणि ड्रायव्हरच्या बाजूने रूपेश.

"वहिनी, तुमच्या घरातल्या माणसांना मी काय केलंय?" तो म्हणाला. "एक हात हुंगते, एक गाडी अडवते."

पुढचं त्यानेच सांगितलं. सकाळी तो शिक्षिकांना घेऊन तलासरीच्या पुढे आला, तर ही रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी. गाडी थांबवली तर दार उघडून सरळ मॅडम लोकांच्या मध्ये येऊन बसली. त्याने विचारलं, कुठे जायचं, तर म्हणाली, या बाया जिथं जातात तिथं. आधी तिने एसी बंद करायला लावला, हाडं दुखतात म्हणाली. मग कमरेची पिशवी सोडून बाटली काढली आणि एकेका मॅडमच्या नाकाशी धरली.

"हाच का वास?"

"हाच," चौघी एकदम म्हणाल्या. ज्या मॅडम रोज वडे आणायच्या, त्यांनी तर बाटलीत बोट बुडवून चाटलं.

"माझी सून रोज पहाटे उठून गाडी पुसते," जिजा म्हणाली होती. "तेल मी घातलं. सुनेनं नाय. ती काळजी घेत नाय असं तुमी बोललात, ता खोटं हाय. काळजी दोघींनी घेतली, म्हनून गाडी आजारी पडली."

सावे मॅडम एवढ्या हसल्या, की त्यांचा चष्मा खाली पडला, असं रूपेश म्हणाला. मग त्यांनी जिजाला शाळेत नेलं, पोरांबरोबर खिचडी खाऊ घातली आणि संध्याकाळी परत त्याच्याच गाडीत बसवलं. "सोमवारपासून मला सुट्टी," रूपेश म्हणाला. "मला उंबरगावचं काम आहे म्हणा. पण म्हातारीने उतरताना माझ्या बोनेटवर हात फिरवला. त्याला तेल लावायचं नाही, एवढं सांगा तिला."

तो गेल्यावर थोड्याच वेळात सावे मॅडमचा फोन आला. सोमवारी नेहमीच्या वेळेला स्टेशनवर, एसी लावून. चंद्रिका दोनदा हो म्हणाली.

ती अंगणात आली. जिजा सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती, जणू दिवसभर तिथेच होती.

"आई, मला सांगायचं होतं. मी नेलं असतं शाळेत."

"तू बोलतच नव्हतीस."

"म्हणून रूपेशच्या गाडीत? आपली गाडी दारात उभी आहे." चंद्रिका तिच्यासमोर उकिडवी बसली. "दोन वर्षं झाली. आपल्या गाडीत एकदासुद्धा बसला नाहीत तुम्ही. मला वाटायचं, तुम्हाला गाडी लागते."

जिजाच्या हातातलं सूप तसंच हलत राहिलं.

"तू कधी बस म्हनलीस?"

चंद्रिका आठवायला लागली. कोंबड्या बसल्या होत्या. पोती बसली होती. बँजोचे भोंगे बसले होते, त्यांना तर तिने पुढची सीट दिली होती. तुषारने गाडीला कान लावून काय काय विचारलं होतं. आणि या घरात रोज पहाटे तिच्या आधी उठणाऱ्या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं, तिनेही नाही. 

"चला," ती म्हणाली. "चिंचणीला जाऊ. सुके बोंबील आणू."

"आता? सांजच्याला?"

"आता. बसा."

जिजाने सूप भिंतीला टेकवलं, पदराला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले, आणि गाडीच्या मागच्या दाराकडे निघाली. चंद्रिकाने तिच्या दंडाला धरून तिला पुढच्या दाराकडे वळवलं.